शनवार तेली आणि लाल सिग्नल



बहरीनमध्ये शनिवारी सुटी असते. २००६ च्या सप्टेंबरपर्यंत इथे गुरुवार-शुक्रवार सुटी असे, नंतर ती शुक्रवार-शनिवार झाली. सरकारने व्यापाराच्या सोयीसाठी वार बदलले, पण आमच्यासारख्या मनामात राहणाऱ्या बेने इस्राएल घराला अनायासे शब्बाथ मिळाला. आमच्या आजोबांना तो मिळाला नाही. आजोबा रेल्वेत गार्ड होते. नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यांना लागोपाठ दोन शनिवार घरी मिळाले असतील तर ते रजेतलेच.

हा विषय निघाला तो नातवामुळे. बहरीनमध्ये आजवर प्रवासी रेल्वे नाही. आखाती देशांना जोडणारी २,११७ किलोमीटरची रेल्वे आखली आहे. तिचा बहरीनचा फाटा सौदी अरबस्तानातून समुद्रावरच्या नव्या पुलाने, किंग हमाद कॉजवेने, यायचा आहे. किडुश झाल्यावर जेवताना ही बातमी निघाली तेव्हा नातवाने विचारले, "गाडी पुलावर असताना समोरून दुसरी आली तर?"

हे त्याच्या खापरपणजोबांच्या पिढीने रोज विचारलेले कोडे आहे, आणि त्याचे उत्तर द्यायला आपल्या लोकांचेही हात लागले आहेत. म्हणून हा लेख.

पहिली गाडी शनिवारीच सुटली

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने, चौदा डबे, चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी आणि चौतीस किलोमीटरना सत्तावन्न मिनिटे, हे सगळ्यांना ठाऊक असते. तो दिवस शनिवार होता, हे मात्र आपल्याच लोकांच्या ध्यानात यावे. बोरीबंदर सोडताच गाडी ज्या मांडवी भागाजवळून गेली, तिथे १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेले शाअर हारहामीम, म्हणजे आपली 'जुनी मशीद', होती. पुढे तिथल्या स्टेशनाला मशीद हे नाव पडले ते याच सिनेगॉगवरून, असे आपल्याकडे सांगतात. त्या दुपारी सिनेगॉगमध्ये किंवा आसपासच्या घरांत शब्बाथ पाळत बसलेल्या माणसांनी तोफा ऐकल्याच असणार.

कोकणात आपल्याला 'शनवार तेली' म्हणत. इतर तेल्यांचा घाणा ज्या दिवशी फिरे, त्या दिवशी आपला बंद असे. गावाने आपल्याला ओळखले ते आपण काय करतो यापेक्षा कधी थांबतो यावरून. तेच लोक मुंबईत आले आणि पलटणीत, सुतारकामात, सरकारी कचेऱ्यांत, टपालात आणि रेल्वेत शिरले. मुंबई-ठाण्यापासून अहमदाबाद-कराचीपर्यंत आपल्या वस्त्या वाढल्या, त्यात रेल्वेच्या नोकरीचा वाटा मोठा होता. घाणा आपल्या मालकीचा होता, गाडी नव्हती. शनिवार पाळणे आता वेळापत्रकाच्या हाती गेले.

आमच्या घरात यावरून कुरबुर होई. आजी शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी खोबरेल तेलाचा दिवा लावी, आजोबा घाईने किडुश म्हणत आणि शिटी, झेंडे घेऊन बाहेर पडत. हातबत्ती स्टेशनच्या बत्तीघरात मिळे. ती आपण पेटवत नाही, बत्तीवाला पेटवतो, आपण फक्त काच फिरवतो, अशी ते आजीची समजूत घालत. आजी हसे, पण तिला ते पटत नसे. एक थोरले नातेवाईक तर म्हणत की पोटासाठी शब्बाथ विकला. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडावा ही आपली आज्ञाच आहे, पिकुआह नेफेश. पण रोजची गार्डची ड्यूटी तिच्यात बसते का? हा प्रश्न आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्याचे उत्तर शोधायचे तर गार्ड आणि त्याचे सोबती नेमके काय करत, ते पाहावे लागेल.

घाटातला सांधा

बोरघाटाचा मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. चढ सदतीसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर. तेवढ्या उतारावर त्या काळचे ब्रेक भरवशाचे नव्हते. खंडाळ्याजवळ एक रिव्हर्सिंग स्टेशन होते. कडा इतका उभा होता की गाडी तिथे एका टोकाला नेऊन थांबवायची, इंजिन दुसऱ्या बाजूला लावायचे आणि उलट दिशेने पुढे काढायची. १८६९ मध्ये उतरणारी मेल गाडी तिथे थांबू शकली नाही आणि रूळ संपतात तिथून पुढे गेली. लोक दगावले. ते स्टेशन मोडले १९२९ मध्ये, नवा मार्ग काढल्यावर.

घाटाने दिलेला धडा 'कॅच सायडिंग'मध्ये दिसतो. उताराच्या मार्गातून एक फाटा काढून तो डोंगरावर चढवलेला असतो आणि पुढे बंद केलेला असतो. सांधा नेहमी त्या फाट्याकडेच लावलेला. उतरणारी गाडी सांध्याआधी पूर्ण थांबली, तरच सांधेवाला मुख्य मार्ग लावून देतो. ती थांबलीच नाही तर फाट्यावर चढून आपोआप मंदावते.

यातली गंमत अशी की मार्ग उघडा ठेवून धोका दिसल्यावर बंद करायचा, असे इथे नाही. मार्ग बंदच धरायचा, आणि गाडीने आपण थांबू शकतो हे दाखवले की मगच उघडायचा. रेल्वेची सगळी सुरक्षितता याच उलट्या विचारावर उभी आहे. सिग्नलची तार तुटली तर जुन्या सिग्नलचा हात 'थांबा' दाखवील, अशीच त्याची रचना असते. बिघाड झाला की उत्तर लाल.

नातवाच्या प्रश्नाचे उत्तरही तेच. दोन स्टेशनांमधल्या एकेरी मार्गावर एका वेळी एकच गाडी. इकडचा स्टेशन मास्तर पलीकडच्याला 'लाइन क्लिअर' विचारतो. त्याने होकार दिला की यंत्रातून एक धातूचा गोळा सुटतो. तो गोळा चामडी पिशवीत घालून वेताच्या मोठ्या कड्याला बांधून ड्रायव्हरच्या हाती देतात. गोळा हाती नाही तर गाडी नाही. आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्हीकडच्या यंत्रांतून दुसरा निघत नाही. मास्तर कितीही घाईत असो, साहेब कितीही ओरडो.

मग गार्डचे काम काय? गाडी मध्येच बंद पडली तर मागून येणारीला थांबवणे. त्याच्या पेटीत रुळावर बसवायचे फटाके असतात. चाक वर आले की ते फुटतात आणि ड्रायव्हर ब्रेक लावतो. ब्रॉडगेजचा नियम असा: गाडीच्या मागे ६०० मीटरवर एक फटाका, आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन. म्हणजे अंधारात, पावसात, हातात बत्ती घेऊन गार्डाने आपल्या गाडीपासून सव्वा किलोमीटर दूर पळत जायचे. आजोबांनी हे दोनदा केले. दोन्ही वेळा मागची गाडी वेळेत उभी राहिली, म्हणून कुठल्याही वर्तमानपत्रात त्याची ओळही आली नाही.

माणसाचा विसावा

यंत्र थांबवणे जमले, तरी माणूस दमतो. दमलेला सांधेवाला आणि डुलकी लागलेला ड्रायव्हर यांच्यापुढे गोळाही हतबल होतो. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या करारांना धरून १९३० मध्ये भारतीय रेल्वे कायद्यात दुरुस्ती झाली आणि कामाच्या तासांना व आठवड्याच्या सुटीला पहिल्यांदा कायद्याचा आधार मिळाला. पण गाडीवर चालणारे, म्हणजे ड्रायव्हर आणि गार्ड, त्यातून वगळलेले होते. त्यांना आत घेतले ते न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या १९४७ च्या निवाड्याने. अखंड काम करणाऱ्यांना आठवड्याला सरासरी ५४ तास आणि सतत ताणाचे काम करणाऱ्यांना ४५ तास, अशी मर्यादा त्यात होती.

सहा दिवस काम आणि सातव्या दिवशी विश्रांती हे आपण तोरातून शिकलो. 'तुझा दास आणि दासीही विसावा घेवोत' हा त्या आज्ञेचा अर्धा भाग आहे, आणि बैल-गाढवही तिच्यातून सुटलेले नाहीत. रेल्वेला तेच कळायला पाऊण शतकाहून अधिक काळ लागला.

दुसरी एक सुधारणा लोकांच्या नजरेत फारशी नसते. अपघाताची चौकशी करणारे निरीक्षक १९४१ पर्यंत रेल्वे बोर्डाच्याच हाताखाली होते. त्या वर्षी त्यांना बोर्डापासून वेगळे केले, आणि आजचा रेल्वे सुरक्षा आयोग रेल्वे मंत्रालयाऐवजी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहे. ज्याच्या हातून चूक झाली असेल त्यानेच न्याय करू नये, एवढे साधे ते तत्त्व.

कोकणच्या दरडी

रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, चेऊलचे चेऊलकर आपली गावे सोडून गेले ते पायी, बैलगाडीने आणि मचव्याने. कोकण रेल्वे रोह्यापासून सुरू होऊन २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर लोकार्पण झाली, तोवर आपली बहुतेक घरे इस्राएलला पोहोचली होती. तरी तिचा हिशेब आपल्याला जवळचा वाटतो.

२२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळांवर दरड आली होती. कारवारहून मुंबईला निघालेली सुटीची खास गाडी तिच्यावर आदळली आणि पन्नासाहून अधिक माणसे गेली. पुढच्याच जूनमध्ये महाडजवळ करंजाडीला मत्स्यगंधा एक्सप्रेस दरडीमुळे पुलावरून घसरली. कोकणातला पाऊस आणि लाल माती आपल्या वाडवडिलांना सांगायला नको. नव्या मार्गाने मात्र डोंगर सरळ कापले होते आणि कापलेला डोंगर लगेच स्थिर होत नाही.

त्यानंतर उतार सौम्य केले, दगडांवर जाळ्या ताणल्या, पर्जन्यमापक बसवले. काही ठिकाणी कड्याखाली 'रक्षा धागा' ओढला. त्यावर दगड पडला की सिग्नल लाल होतो. पावसाळ्यात दरडीच्या जागी रात्रंदिवस गस्त असते. वेळापत्रकही वेगळे असते, गाड्या मुद्दाम सावकाश धावतात. मुसळधार पावसात पुढचे दिसेनासे झाले तर ताशी ४० किलोमीटरवर यायचे. गणपतीला गावी जाणारा चाकरमानी उशिराबद्दल कुरकुरतो, पण त्या उशिराची किंमत आधीच्या दोन जूनमध्ये मोजलेली आहे.

रुळांचा शब्बाथ

इस्राएलमधल्या वाचकांना २०१६ चा सप्टेंबर आठवत असेल. रेल्वेची दुरुस्ती शनिवारी करावी की नाही यावरून सरकारात ठिणगी पडली. पंतप्रधानांनी शब्बाथचे काम थांबवायला लावले, ते काम पुढे सरकले आणि रविवारी कामावर व तळावर परतणाऱ्या लोकांचे आणि सैनिकांचे हाल झाले. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये याच प्रश्नावर आरोग्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. एक बाजू म्हणे, गाड्या बंद असतात तोच दिवस दुरुस्तीला सुरक्षित. दुसरी म्हणे, जीव वाचवण्याच्या नावाखाली सोय पाहिली जाते आहे.

मुंबईत हाच पेच वेगळ्या वारी सुटतो. तिथे रविवारी मेगाब्लॉक असतो. एक मार्ग काही तास बंद करून ट्रॅकमन रूळ बदलतात, खडी साफ करतात, तारा तपासतात. लग्नाला निघालेला माणूस दादरला ताटकळतो आणि रेल्वेला शिव्या देतो. पण रुळाला गेलेला तडा चालत्या गाडीखाली जोडता येत नाही.

आमचे मत असे: वार कुठला, यावर रब्बींनी आणि मंत्र्यांनी जरूर वाद घालावा. पण रुळांना त्यांचा विसावा मिळालाच पाहिजे. जी रेल्वे गाड्या वाढवते आणि ब्लॉक कमी करते, ती सातही दिवस घाणा फिरवणाऱ्यासारखी आहे.

अपघाताला पाप-पुण्याचा हिशेब लावण्यापासूनही जपावे. १९८५ च्या जूनमध्ये इस्राएलमधल्या हाबोनीम इथे रेल्वे फाटकावर शाळेच्या सहलीची बस गाडीखाली आली. पेताह तिकवाची १९ मुले आणि ३ मोठी माणसे गेली. तेव्हाच्या एका मंत्र्यांनी त्या गावातल्या शब्बाथभंगाकडे बोट दाखवले होते. आईबापांच्या जखमेवर ते मीठ होते. फाटकावरचे मरण टळते ते फाटकच काढून पूल किंवा भुयारी मार्ग बांधल्याने. भारतात ब्रॉडगेजवरची सगळी पहारेकरी नसलेली फाटके जानेवारी २०१९ पर्यंत काढून टाकली, त्याचा गुण त्याआधीच्या आणि नंतरच्या आकड्यांतही दिसतो. मोठे म्हणून नोंदवलेले रेल्वे अपघात २०००-०१ मध्ये ४७३ होते, २०२३-२४ मध्ये ४०.

आकडा खाली आला म्हणून निर्धास्त होता येत नाही. २ जून २०२३, शुक्रवार. आम्ही शब्बाथच्या तयारीत असताना ओडिशातल्या बहानगा बाजारची बातमी आली. कोरोमंडल एक्सप्रेसला हिरवा सिग्नल मुख्य मार्गाचा होता, पण सांधा लूप लाइनकडे लागलेला होता आणि तिथे मालगाडी उभी होती. २९० हून अधिक माणसे गेली. सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत बोट गेले ते सिग्नलच्या तारांच्या जोडणीतल्या चुकांकडे. पेटीतल्या तारांवरच्या खुणा चुकीच्या होत्या, आणि फाटकाच्या दुरुस्तीचे काम त्याच भरवशावर झाले. घाटातला सांधेवाला गाडी थांबल्याशिवाय मार्ग देत नसे. इथे दुरुस्ती झाल्यावर मार्ग देण्याआधी थांबून पारखायला हवे होते, ते झाले नाही.

आता 'कवच' आले आहे. ड्रायव्हर लाल सिग्नल ओलांडू लागला तर ही यंत्रणा आपण होऊन ब्रेक लावते. २०२० मध्ये तिला राष्ट्रीय यंत्रणा म्हणून मान्यता मिळाली. चांगलेच झाले. पण डॉ. अनिल काकोडकर समितीने २०१२ च्या अहवालात एक कटू गोष्ट मांडली होती: दरवर्षी सुमारे १५,००० माणसे रूळ ओलांडताना मरतात, त्यातली सुमारे ६,००० एकट्या मुंबई उपनगरी रेल्वेवर. त्यांच्यासाठी कुठलेही कवच ब्रेक लावत नाही. त्यांना हवा असतो पादचारी पूल, योग्य उंचीचा फलाट, कुंपण, आणि पुढची लोकल सोडून देण्याइतका धीर.

समुद्रावरची गाडी

आखातातली रेल्वे नव्याने बांधली जाते आहे, त्यामुळे तिला एक फायदा आहे. सौदीच्या उत्तर-दक्षिण मार्गावर युरोपीय पद्धतीची, गाडीवर सतत लक्ष ठेवणारी सिग्नल यंत्रणा आहे. बहरीनलाही तसेच काही मिळेल. यंत्र विकत घेता येते. पण वाळूच्या वादळात गाडी सावकाश न्यायची, खाऱ्या हवेत गंजणाऱ्या रुळांना वेळेवर विसावा द्यायचा आणि थकलेल्या माणसाला ड्यूटीवर पाठवायचे नाही, हे आपणच शिकावे लागते. ते शिकवणारी माणसे पुष्कळदा भारतातूनच इथे येतात.

आता आजीच्या प्रश्नाकडे. आजोबांनी पोटासाठी शब्बाथ विकला का? निवाडा देण्याइतके आम्ही विद्वान नाही. एवढेच सांगतो की ज्या शनिवारी ते घरी थांबले नाहीत, त्या शनिवारी त्यांचे काम दुसऱ्यांना थांबवण्याचे होते. फटाके घेऊन अंधारात मागे पळणाऱ्या माणसाबद्दल पिकुआह नेफेश हा शब्द वापरायला आम्हाला संकोच वाटत नाही. आजीचा रुसवाही आम्हाला खोटा वाटत नाही. त्या घरात दर शुक्रवारी एक पाट रिकामा राहत होता.

तुमच्याही घरात असा कुणी असेल: केबिनमध्ये, बत्तीघरात, परळच्या कारखान्यात, अजमेरला, कराचीला. लोदला किंवा अश्दोदला एखाद्या कपाटात जुनी शिटी, नियमांचे पुस्तक, निवृत्तीच्या दिवशीचा फोटो असेल. फोटोच्या मागे त्यांचे नाव, हुद्दा, स्टेशन आणि साल पेन्सिलीने लिहून ठेवा. आमच्याकडे ते कुणी लिहिले नाही. आजोबांच्या त्या दोन रात्री कुठल्या स्टेशनांदरम्यानच्या होत्या, हे आता सांगायला कुणी उरले नाही.